आतल्या पानावरची बारीक ओळ

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तो तुझ्या मॅनेजरने उचलला आणि मला विचारलं, आपण कोण बोलताय. सख्खी बहीण म्हटल्यावर म्हणाला, कशाच्या संदर्भात. शिवाय चिडले की माझी वाक्यं एकमेकांना तुडवत बाहेर पडतात, हे तू लहानपणापासून बघतोयस. कागदावर मी बरी असते. तेव्हा आधी घरच्या बातम्या, म्हणजे निदान पहिलं पान तरी वाचशील. मी धडधाकट आहे. छापखान्यात मला आता चार रंगांचं मोठं मशीन दिलंय आणि हाताखाली दोन माणसं. आपल्या बासवाल्या उंटाला मुलगी झाली, मान बापावर गेली आहे बिचारीची. तो अजून दर रविवारी बास घेऊन येतो आणि आम्ही दोघं आपली जुनी गाणी वाजवतो. मी ड्रम, तो बास. गिटार नाही, आवाज नाही. परवा शेजारणीने मोठ्या काळजीने विचारलं, की तुमचं गाणं सुरू नेमकं कधी होतं.

तुझी नवी रेकॉर्ड मी तीनदा ऐकली. जेवणाच्या सुट्टीत, कागदाच्या रिमांवर बसून, कानात हेडफोन घालून. पहिल्या गाण्यात चाळीस सेकंद मी गिटारची वाट बघितली. मग तालावर टाळ्या सुरू झाल्या. धाकट्या, टाळ्या! आपल्या गाण्यात दोन गिटारी वरच्या पट्टीत हातात हात घालून पळायच्या, इतक्या गोड. आणि त्यांच्या खाली तू घशाच्या तळातून डरकाळ्या फोडायचास, आणि त्याच्याही खाली माझे दोन्ही पाय पेडलवर शिवणयंत्रासारखे चालायचे. मेलोडिक डेथ मेटल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, रडू यायला लागलं की आमच्या घरात दात विचकतात, ते. आता त्यातलं काही उरलं नाही. कीबोर्ड आहे, उसासे आहेत, प्रत्येक कडव्यात एक खिडकी आहे आणि तिच्यात तू उभा आहेस. आपला दुसरा गिटारवाला, दातवाला, त्याच्या दवाखान्यात ती रेकॉर्ड लावतो. म्हणतो, पेशंटांची काही तक्रार नाही, त्यांचं लक्षच जात नाही.

आणि माझ्या जागी ड्रम वाजवणारं बशीएवढं यंत्र बसवलंस. बँडला मोकळा श्वास हवाय, असं मला मॅनेजरकरवी कळवलंस. अकरा वर्षं तुझ्या पाठीमागे बसून ठोकत होते, वळून सांगायला तुला तीन पावलं पडली असती. तरी मी मूग गिळून बसले. म्हटलं, माणूस बदलतो. घसा थकला असेल, कान थकले असतील, मोठ्या सभागृहांत बसून ऐकणारी माणसं हवी असतील. मला रेकॉर्ड आवडली नाही तर मी दुसरी लावीन. नुसतं गाणं बिघडलं म्हणून भावाला पत्र लिहिणारी बाई मी नव्हे.

पण मग मला आईची फार आठवण यायला लागली. तुला तिचा आधीचा आवाज आठवतो का? अठरा वर्षं बस स्टँडवर घोषणा करायची ती. दुकानात नुसता साबण मागितला तरी लोक वळून बघायचे, कारण त्या आवाजाने त्यांना कधी ना कधी फलाट सांगितलेला असायचा. मग घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. मानेला भोक, त्यावर पातळ रुमाल. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. हवा गिळायची, ढेकरेसारखी वर आणायची आणि तिचे शब्द करायचे. पहिला शब्द यायला दोन महिने लागले. आणि तो यायला लागला त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात तो आवाज ऐकून रडत पळाली. आई वर आली, तिने पाटी घेतली आणि तोंड मिटलं. एकोणीस दिवस. मी मोजले होते.

विसाव्या दिवशी आपण तिघं जेवायला बसलो होतो. तू पंधरा वर्षांचा. तू हवा गिळलीस आणि अगदी तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणालास, मीठ दे. मला वाटलं तिची नक्कल करतोयस, म्हणून मी तुझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तिच्याकडेच बघत पुन्हा म्हणालास, मीठ दे. आईने पाटी बाजूला सरकवली आणि त्याच आवाजात म्हणाली, त्यात पुरेसं आहे. त्या दिवसापासून आपल्या टेबलावर साध्या आवाजात बोलायला बंदी झाली. मला ते कधी धड जमलं नाही, मला उचक्या लागायच्या. तुला जमलं. आई तुझ्या बरगड्यांखाली हात ठेवून शिकवायची, घसा आवळू नकोस, पोटातून ढकल. पुढे मासिकांनी तुझ्या डरकाळीवर पानंच्या पानं लिहिली. ती तू कुठल्या टेबलावर शिकलास हे आपल्या तिघांनाच ठाऊक होतं, आणि मला त्याचा किती अभिमान वाटायचा, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

पहिली टेप आपण स्वयंपाकघरात काढली, गाद्या भिंतींना उभ्या लावून. रेकॉर्डिंगचं चार ट्रॅकचं ते मशीन आणि दोन माइक. त्यातला एक मी वायरीत पाय अडकून पाडला आणि मोडला. म्हणून शेवटच्या गाण्याला तू आणि आई एकाच माइकसमोर उभे राहिलात. तिने तुझी हनुवटी धरून तुला उभं केलं होतं, माइकपासून वीतभर लांब, तोंड जरा तिरकं. अठरा वर्षांचा तिचा धंदा होता तो. गिटारी थांबल्यावर तुम्ही दोघांनी मिळून, त्या आवाजात, तिची जुनी घोषणा केलीत: प्रवाशांनी लक्ष द्यावं, शेवटची गाडी सुटत आहे. पुढच्या वर्षी ती गेली. आणि मग प्रत्येक कार्यक्रमात समोरचे हजार दोन हजार लोक ती ओळ तुझ्याबरोबर ओरडायला लागले. मी मागे ड्रमवर मान खाली घालून बसायचे, कारण तेवढ्यापुरती आई परत कामावर रुजू झाली असं मला वाटायचं.

गेल्या मंगळवारी तुझ्या रेकॉर्डच्या खास आवृत्तीबरोबर द्यायचं पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं. कंपनीला काय ठाऊक, मशीनवर कोण उभं आहे ते. बँडचं नाव पूर्वी काटेरी फांद्यांत गुरफटलेलं असायचं, कुणाला वाचता यायचं नाही. आता ते गोल, टपोऱ्या अक्षरांत आहे, बँकेच्या पाटीसारखं. असो. पहिला कागद बाहेर आला आणि रंग नीट बसलेत का ते मी भिंगाने बघत होते. शेवटचं आतलं पान, सगळ्यात बारीक टाइप. जुनी गाणी ‘नव्या रूपात’ दिली आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या, घोषणेच्या गाण्याखाली, आवाज कुणाचा त्या जागी लिहिलंय: घरघर – इफेक्ट. मला वाटलं, कंपनीतल्या कुणा अडाण्याची चूक. मग शेजारच्या पानावर तुझी मुलाखत वाचली. तुझे शब्द. तेव्हा आम्ही पोरं होतो, तो भसाडा आवाज एका जुन्या यंत्रातून काढला होता, आता आम्हाला माणसाचा आवाज हवा आहे.

माणसाचा आवाज. जिन्यातली ती मुलगी पाच वर्षांची होती, धाकट्या. तू तेहतीस वर्षांचा आहेस.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीन थांबवून ती ओळ प्लेटवरून खरवडून काढायला हात शिवशिवत होते. पण माझ्या कामात मी बेइमानी करत नाही. चार हजार प्रती मी छापल्या आणि काळा रंग केसभर हलू दिला नाही. ती ओळ सुबक आली आहे, भिंग घेऊन बघ. आणि घरी जाऊन बुटांच्या खोक्यातून आपली टेप काढली. तू आईला माणसांतून काढलंस ना, मग मी तुला गाण्यातून काढणार होते. फक्त ती राहील, ड्रम राहतील, आणि तुझ्या जागी भोक. स्टुडिओतल्या माणसाजवळ चार दिवस बसले. तुला पुसलं की ती पुसट होते. तिला वर आणलं की तू वर येतोस. एकच माइक, एकच ट्रॅक. शेवटी तो हात जोडून म्हणाला, ताई, ही दोन माणसं सुटी होणार नाहीत, एकाचा श्वास संपतो तिथेच दुसऱ्याचा सुरू होतो. मला तुझा इतका राग आला होता, की मी त्याच्यासमोर रडले.

तर आता पत्राचं कारण. ती टेप आपण चौघांनी काढली होती, कुठलीही कंपनी येण्याआधी; आणि उंट, दातवाला आणि मी, आम्ही तिघांनी ठरवलंय की ती आहे तशी बाहेर आणायची, ज्या शुक्रवारी तुझी खास आवृत्ती येणार आहे त्याच शुक्रवारी. नाव काटेरी अक्षरांत. कव्हर मी स्वतः छापणार आहे. शेवटच्या आतल्या पानावर ओळ लावून तयार आहे: आवाज – आई. आणि तिच्याखाली, सगळ्यात बारीक टाइपात: इफेक्ट – धाकटा मुलगा. तुझं नाव नाही. ज्या गाण्याने तुला ओळख दिली, त्यात तू यंत्र म्हणून राहशील, जन्मभर, आणि हेही मी केसभर न हलवता छापीन. प्लेट गुरुवारी सकाळी नऊला तयार होते. नाव हवं असेल तर त्याआधी छापखान्याच्या नंबरवर फोन कर, मीच उचलीन. माफी मागू नकोस, खुलासा करू नकोस, मला त्यातलं काही नको. हवा गिळ आणि त्या आवाजात फक्त म्हण, मीठ दे. घसा आवळू नकोस, पोटातून ढकल. जमलं तर दोघांची नावं एकाच ओळीत, एकाच मापात लावीन. आणि त्या रेकॉर्डवरच्या गुळगुळीत आवाजात बोललास, तर मी विचारीन, आपण कोण बोलताय, आणि कशाच्या संदर्भात.

गुरुवारी नऊपर्यंत तरी तुझीच,
ताई