निळी गाडी दिसली की

येलहंका, गुरुवार

आदरणीय साडूभाऊ यशोवर्धनराव यांना गिरीराजचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची, रम्याअक्कांची आणि तुमच्या नव्या निळ्या इलेक्ट्रिक गाडीची तब्येत उत्तम असणारच. (गाडीचे फोटो घरच्या ग्रुपवर रोज पाहतो. परवाचा, हार घातलेला, फारच छान.) आमच्याकडेही सगळे ठणठणीत आहेत. थरथरते ती फक्त तुम्ही आम्हाला दिलेली जुनी गाडी.

झालं असं, की व्हाइटफील्डला तुमच्या दारातून ही गाडी आणल्यापासून हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर ती अधूनमधून थरथरते. नुसतं स्टिअरिंग नव्हे, अख्खी सीट. अक्षराला सांगितलं तर म्हणाली, दाजी चालवायचे तेव्हा कधी थरथरली नाही. हे वाक्य तिने (तुमची मेहुणी म्हणून तिला तेवढा हक्क आहे) इतक्यांदा ऐकवलं, की खोट गाडीतच आहे आणि ती तुमच्या वेळची आहे, हे सिद्ध करणं माझ्या इभ्रतीचा प्रश्न होऊन बसला. आमच्या गल्लीतल्या मल्लाप्पा मेकॅनिकने आधी चाकं बॅलन्स करून दिली. काही फरक नाही. मग पुढचे टायर मागे, मागचे पुढे. थरथर जिथल्या तिथे. अक्षरा चालवायची तेव्हा मात्र गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची.

शेवटी मल्लाप्पाच म्हणाला, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. अक्षरा साक्षीदार म्हणून मागे. विमानतळाच्या रस्त्याला मी गाडी सत्तरवर नेली. काही नाही. ऐंशीवर नेली. तरी नाही. दवाखान्यात शिरताच ज्याचं पोट दुखायचं थांबतं अशा माणसाकडे बघावं, तसा मल्लाप्पा माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात उजवीकडून एक निळी गाडी आवाज न करता पुढे गेली, हुबेहूब तुमच्या गाडीसारखी. (तुमची नव्हती. नंबर पाहिला.) अॅक्सिलरेटरवर माझा पाय कधी दाबला गेला मला कळलंच नाही, आणि गाडी अशी थरथरली की मल्लाप्पाने डॅशबोर्ड धरला.

त्याने पाय ‘स्वल्प’, म्हणजे जरासा, सोडायला सांगितला. सोडला, थरथर बंद. दाबायला सांगितला, पुन्हा सुरू. मग त्याचा चेहरा खुलला. नुसत्या वेगाने होत नाही, जोर लावला की होतं. म्हणजे चाकांचा दोष नाही, इंजिनाचा जोर चाकांना पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजलाय.

"पण सर, एवढा जोर तुम्ही लावता तरी केव्हा?"

मी आरसा नीट करू लागलो. मागून अक्षरा म्हणाली, "निळी गाडी दिसली की."

मी गाडी गॅरेजकडे वळवली. गाडी वर उचलली तर जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस उडून गेलेलं, आतले रोलर झिजलेले, आणि इंजिन धरून ठेवणारं माउंटही दबलेलं. ही झीज जुनी आहे, असं मी मल्लाप्पाकडून अक्षरासमोर दोनदा वदवून घेतलं. त्यावर ती म्हणाली, तरी दाजींनी जपून चालवली म्हणून इतकी टिकली. असो. शाफ्ट बदलला, माउंट बदललं, आता कितीही दाबा, गाडी हूं की चूं करत नाही. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. काल हेब्बाळला पुन्हा एक निळी दिसली, तेव्हा पोटात जरा हललं, पण ते माउंट मल्लाप्पाकडे मिळत नाही.

रम्याअक्कांना नमस्कार सांगावा.

तुमचाच,
गिरीराज

ता. क. शनिवारी सासरेबुवा बेळगावहून येलहंक्याला उतरणार आहेत आणि त्यांना आणायला तुम्ही जाणार, असं कळलं. त्या दिवशी तुम्हाला ऑफिसचं काही काम निघालं तर फार उपकार होतील. स्टेशन माझ्या घराजवळ आहे, आणि जावई म्हणून एकदा तरी त्यांनी मला आधी पाहावं एवढीच इच्छा.

ता. ता. क. अक्षराने पत्र वाचलं आणि लगेच अक्कांना फोन लावला. ठरलं ते असं: सगळे तुमच्याच गाडीतून जाणार, मीसुद्धा. पुढची सीट सासरेबुवांना द्या, माझी हरकत नाही. फक्त त्यांना घरी सोडल्यावर, कोणी बघत नसताना, थोडा वेळ मला चालवायला द्याल का?