लेआंद्रो, तू वारलास त्याबद्दल

चिरंजीव लेआंद्रो यास,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. (एरवी मी नुसतं ‘चि.’ लिहितो. आज पूर्ण शब्द लिहिलाय, कारण पुढे येईलच.) पुंता अरेनासच्या त्या वाऱ्यात तुझा खोकला कसा आहे? जेवण जातं ना? मुद्दाम विचारतोय, कारण इकडे तू गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता वारलास. यात दोष सर्वस्वी माझा आहे.

आपल्या तिसऱ्या बंब पथकाचा वर्धापनदिन होता. दिवंगतांची नावं वाचायला चिटणीस म्हणून मीच उभा. (बिनपगारी काम असल्यामुळे या पदावर कुणाचा डोळा नाही.) तुला आठवतंच, एकेक नाव घेतलं की त्या माणसाच्या वतीने सगळे मिळून ‘हजर!’ म्हणतात. आता ‘दिवंगत’ आणि ‘दीर्घकाळ गैरहजर’ या दोन याद्या मी काटकसर म्हणून एकाच वहीत समोरासमोर लिहिल्यात. सतरा मयत संपले, नजर पलीकडच्या पानावर गेली आणि तुझं नाव मी खणखणीत वाचलं. चूक ध्यानात येईपर्यंत चाळीस जणांनी घसा फोडून ‘हजर!’ म्हटलं होतं. सख्खा भाऊच वाचतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

कप्तान एवारिस्तो (तोच, कप्तानपदाच्या निवडणुकीत तुला एका मताने हरवलेला) गळ्यात पडून रडला. “कासिमिरो, लेका, कळवायचं तरी! एकट्यानं सोसलंस?” मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मलाच हुंदका आला. तू पथक आणि गाव सोडल्याला सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्या नावाला कुणी ओ दिली नव्हती रे. मला ती खोडवेना.

मग काय, तीन दिवस मी सुतकात. शेजारच्या क्लोतील्देबाईंनी परातभर एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या त्यांच्या खास करंज्या, आणल्या. “तापट होता हो, पण मनानं सोनं!” (यातलं ‘तापट’ त्या दोनदा म्हणाल्या.) एम्पानादा मी खाल्ल्या, तेही कबूल करतो. मंगळवारी बेकरीला आग लागली तेव्हा बंब काळी फीत लावून गेला. ती बघून बेकरीवाला आगीपेक्षा जास्त घाबरला. बुधवारी बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. एवारिस्तो लालबुंद. “मेला नाही? मग माझं रडणं काय फुकट?” बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

थंडीत छाती झाकत जा. तुझ्या बायकोला आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझा,
कासिमिरो

ता. क. नियमाप्रमाणे दिवंगतांच्या यादीतलं नाव चिटणिसाला खोडता येत नाही. माणसाने स्वतः येऊन सही करावी लागते. आठ डिसेंबरला पदाधिकाऱ्यांची निवडणूक आहे, सगळे जमतील. तेव्हा ये.

ता. ता. क. नियम असा काही नाही. मीच बुधवारी रात्री लिहून काढला.

आणखी एक. तुझ्या विरोधातलं ते एक मत माझं होतं. आगीत कप्तान सगळ्यांच्या आधी शिरतो, आणि तू मागेपुढे न बघता शिरला असतास. मला भाऊ गमवायचा नव्हता. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.