एका नंबरच्या दोन पिशव्या

प्रिय अक्का,

फोनच केला असता, पण तू आजारी पडल्यापासून तुझा फोन दाजीच उचलतात. शेजारच्या विमलमावशी नांदेडला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देऊन राहिले. एकटी असताना वाच.

लातुरात उन्हानं जीव नकोसा केलाय. रक्तपेढीच्या थंड खोलीत बसते, तेवढीच सुटका. देगलूरला दाजी तुला बघायला आले, तेव्हा मला लॅबचं शिकायचंय म्हणून मीच मधे तोंड घातलं होतं, आठवतं? आईनं डोळे वटारले. पण लग्नानंतर दाजींनी मला शिकवलं, स्वतःच्या रक्तपेढीत लावून घेतलं. त्यांच्याविरुद्ध लिहिणं सोपं नाही.

रक्ताच्या पिशवीवर जो लांब नंबर असतो ना, तो जगात दुसऱ्या कुठल्याच पिशवीला नसतो. बऱ्याच देशांत हीच पद्धत. ती सांभाळणारी संस्था रक्तपेढ्यांच्या वर्गणीवर चालते आणि प्रत्येक पेढीला वेगळा कोड देते. दाजींनी यंदा वर्गणी बंद केली. नियम फुकट वाचायला मिळतात, मशीन लेबल छापून देतंय, मग पैसे कशाचे, म्हणाले. नांदेडच्या नव्या पेढीला कोड घेतलाच नाही, लातूरचाच लावला. नंबर तिथंही एकपासून, इथंही एकपासून.

परवा नांदेडच्या पेढीची एक पिशवी आमच्याकडे आली. त्याच नंबरची दुसरी आमच्या फ्रिजमध्ये होती. दोन्ही पेढ्यांचा कॉम्प्युटर एकच, तो नंबर बघून रक्तगट छापतो, त्यामुळे दोन्हींवर 'बी'. मी तपासलं तर एकीत 'ए' निघालं. दाजींना दाखवलं, तर म्हणाले, तू लई इचार करतीस गं. मागच्या आठवड्यात हदगावच्या एका बाईला आमचं रक्त चढवताना हुडहुडी भरली, लघवी लाल झाली. ती गेली. कशानं गेली, कुणी विचारलं नाही. अक्का, लई भीती वाटते.

गुरुवारी तुझं ऑपरेशन. दाजींनी काल हौसेनं फोटो पाठवला. तुझ्यासाठी दोन पिशव्या राखून ठेवल्यात, घरच्या पेढीचं रक्त म्हणून. मी नंबर वाचले आणि आमचा फ्रिज उघडला. दोन्ही नंबर इथंही आहेत. तुझ्या पिशव्यांत खरंच काय आहे, ते लेबलावरून दाजींनाही सांगता येणार नाही. डॉक्टरांना सांग, रक्त दुसऱ्या पेढीचं आणा आणि चढवायच्या आधी गट पुन्हा तपासा. दाजी रुसतील, मला कामावरून काढतील. काढू देत. आजवर तू त्यांना कशालाच 'नाही' म्हणाली नाहीस. गुरुवारी म्हण.

तुझ्या निरोपाकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
राजश्री