बापांची अदलाबदल

पिट्सबर्ग, रविवार

चि. ओडेसा हिस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

आमचे घर वाचले. हे वाक्य प्रथम लिहितो, म्हणजे पुढील मजकूर तू निर्धास्तपणे वाचशील.

सरकारी वसाहतीतील बेरोजगार रहिवाशाने दरमहा ठरावीक तास समाजसेवा केलीच पाहिजे, असा येथील नियम आहे. आपल्या रेनेटाने वर्षभर माझी शुश्रूषा केली आणि तीच सेवा म्हणून सांगितली. व्यवस्थापिका कडाडल्या, "स्वतःच्या बापाला भरवणं ही कसली गं समाजसेवा? मुदतीत तास भरून काढ, नाहीतर घर सोड!"

समोरच्या टॉलिव्हरांची कन्या चॅरिस हिच्यावरही हाच प्रसंग ओढवला होता. दोघी रडत बसल्या, तेव्हा मी म्हणालो, "पोरींनो, बापांची अदलाबदल करा की!"

तेव्हापासून रेनेटा टॉलिव्हरांकडे जाते, चॅरिस माझ्याकडे येते. काल दोघींच्या घरांचे भाडेकरार नवे झाले. व्यवस्थापिका हसून म्हणाल्या, "काका, नियमात बरोब्बर बसवलंत हो!"

चॅरिस मक्याच्या लापशीत मीठ घालत नाही. मीठ नको, असे डॉक्टरांचेही म्हणणे आहे. तू मात्र काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

समोरून रेनेटाचा आवाज येत आहे, "टॉलिव्हरकाका, अजून एक घास घ्या ना!" माझ्याशी ती इतक्या गोडीने कधीच बोलली नव्हती.

तुझा विजयी बंधू,
एल्सवर्थ