खड्ड्यातला आवाज

प्रिय राणीसाहेब,

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, म्हणून नाक मुरडू नकोस. कारण सांगते, पण आधी बातमी ऐक. आपलं नाट्यगृह महिनाअखेर बंद होतंय. दुरुस्ती म्हणतात. वरखाली सरकणारा रंगमंच बसवणार आणि आताच्या रंगमंचाच्या तोंडाशी असलेला माझा खड्डा काँक्रीटनं बुजवणार. लोक एकमेकांना खड्ड्यात जा म्हणतात; मी इतकी वर्षं रोज संध्याकाळी आपण होऊन गेले, संहिता मांडीवर घेऊन, तुम्हा नटमंडळींना विसरलेली वाक्यं पुरवायला.

परवा व्यवस्थापकांनी नाट्यगृहाचा इतिहास छापला. घोड्यांचा तबेला पाडून ते बांधलं, युद्धात तिथं धान्याची पोती रचली, मग सिनेमा आला, मग पुन्हा नाटक, सगळं आहे. तुझा राणीच्या वेषातला फोटो तर पानभर आहे. झुंबर कुणी दिलं तेसुद्धा आहे. खड्ड्याचं नाव नाही. मला राग आला, आणि राग आला याचंच हसू आलं. जिचा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू जाता कामा नये, तिनं इतिहासात कशाला डोकवायचं?

एकदाच ऐकू गेला होता, आठवतं? दरबाराच्या प्रवेशात तू गोठलीस. मी दोनदा कुजबुजले, तुझं लक्षच नाही, म्हणून घाबरून अख्खं वाक्य खणखणीत म्हणून टाकलं. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "राणी बदला, खड्डा बरा बोलतोय!" तू आठवडाभर माझ्याशी अबोला धरलास. मी पाया पडायचं तेवढं बाकी होतं. पण खरं सांगू? त्या दिवशी घरी जाताना मी आनंदानं तरंगत होते.

थंडी सुरू झाल्यापासून माझा घसा बसलाय. गुळण्या झाल्या, काढे झाले. मग डॉक्टरांनी आत गाठ पाहिली. पुढच्या मंगळवारी स्वरयंत्रच काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात. मला फार भीती वाटते गं. उरलाय तेवढा आवाज राखून ठेवतेय, म्हणून फोन नाही. रविवारी सकाळी रखवालदार दार उघडून देणार आहे. मी रंगमंचावर उभी राहून दरबारातलं राणीचं ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हणणार आहे. पाठ आहे, पण तिथं उभं राहिलं की माणूस विसरतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तू ये. खुर्चीत बसू नकोस. खाली माझ्या जागी बस, आणि मी अडखळले तर हळूच सांग.

तुझीच,
खड्ड्यातली