बाबांचा उजवा गाल

दादा,
आज बाबांची दाढी मी केली. तुझ्यासारखी गुळगुळीत व्हावी म्हणून रेझर उलटा फिरवला, वर तुझं ते झोंबणारं लोशनही चोळलं. त्यांना बोलता येत नाही ना. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कळलं. आता गाल सुजलाय, तापलाय. डॉक्टर फोन उचलत नाहीत, म्हणून त्यांना आणायला पळतेय. शेजारच्या काकू बाबांपाशी बसल्यात. तू घरी आलास की गालावर गार पाण्याची घडी नुसती ठेव, चोळू नकोस, दुसरं काही लावू नकोस. सूज डोळ्याकडे सरकली तर माझी वाट न बघता दवाखान्यात ने. देवा, सांभाळ रे!
मला हवं तेवढं बोल, पण बाबांसमोर नको. मी रडायला लागले, तर तेच माझा हात थोपटत होते.
तुझी धाकटी