एकोणसाठ तारे, एकच बाजू

३ मार्च
आले एकदाची! वेधशाळेने दिलेली खोली काडेपेटीएवढी, पण खिडकीतून घुमट दिसतो. कोवळ्या तारकागुच्छातले एकोणसाठ दांडगे तारे माझ्या वाट्याला आलेत. कुणाला छुपा जोडीदार आहे ते शोधायचं. तो दिसत नाही, पण त्याच्या ओढीने तारा मागेपुढे डुलतो आणि ते प्रकाशात उमटतं. ताई फोनवर हसली. म्हणाली, आकाशातली लग्नं लाव, आधी स्वतःचं बघ! तिला सातवा महिना लागलाय.

९ मार्च
बावीस तारे मोजले. बावीसच्या बावीस डुलतात. माझे मार्गदर्शक सर खूश. तरुण ताऱ्यांत जोडपीच जास्त, म्हणाले.

१४ मार्च
सगळे एकोणसाठ सरकतायत. एकाच वेळी, एकाच बाजूला, सारख्याच वेगाने. जोडप्यांचं असं नसतं, ज्याचा त्याचा ताल वेगळा. खोट यंत्रात असणार. वेधशाळेची यंत्रं सांभाळणाऱ्या यंत्रकाकांनी दिवसभर खपून सगळं खोललं, बसवलं. म्हणाले, पोरी, यंत्र धुतल्या तांदळासारखं आहे.

१७ मार्च
सरांनी आकाशाच्या विरुद्ध बाजूचे तारे मोजायला लावले. इकडचे जवळ येतायत, तिकडचे तेवढ्याच वेगाने लांब जातायत. पृथ्वीचं फिरणं वजा करूनही. सरांनी आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, तारे जागच्या जागी आहेत. आपण ओढले जातोय, सूर्यासकट.

२० मार्च
म्हणजे जोडीदार आपल्यालाच आहे. दिसत नाही. ओढ दर मोजणीला वाढतेय. तो आपल्याला गाठेल ती तारीख सरांनी काढली आणि कागद पालथा ठेवला. मी उलटला. २ मे.

२४ मार्च
सर आता वेधशाळेत येत नाहीत. आठ वेधशाळांना कळवलं होतं. दोन ठिकाणांहून उत्तर आलं — आमचंही तेच. यंत्रकाकांनी विचारलं, उपाय काय? मी म्हटलं, काहीच नाही. ते दुर्बिणीचा आरसा पुसत बसले.

२९ मार्च
ताईला डॉक्टरांनी २० मे सांगितलीय. म्हणाली, सुट्टी आत्ताच टाक, नाव तूच ठेवायचंस. मी हो म्हटलं. दोन नावं सुचवलीही —

४ एप्रिल
पुन्हा मोजलं. २ मे नाही. खूप आधी. किती ते —

६ एप्रिल
भर दुपार. सावल्या वाकल्यात. सूर्य गोल नाही — एका कडेने ओढल्यासारखा —
काका अंगणात नुसते उभे. हाका मारल्या, वळत नाहीत.
ताईला फोन लावलाय, नुसता वाजतोय. उचल. उचल ना ताई, उच